आय-पिल मिळत नाही, घरात माला-डी आहे: मग काय करायचं?

नाशिक जिल्ह्यातल्या पेठच्या पुढच्या एका आश्रमशाळेवर शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न थोडक्यात असा. शनिवारी रात्री कंडोम फाटला. रविवारी सकाळी नवरा आय-पिल, म्हणजे संबंधानंतर दिवस जाऊ नयेत म्हणून घ्यायची आपत्कालीन गोळी, आणायला मोटारसायकलवर पेठला जाऊन आला. एका मेडिकलवाल्याने 'आम्ही त्या गोळ्या ठेवत नाही' म्हणून सांगितलं, दुसऱ्याने डॉक्टरची चिठ्ठी मागितली. नाशिकला सोमवारशिवाय येता येणार नाही. जाऊबाईंच्या कपाटात माला-डी या रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट आहे. ते चालेल का, चालत असेल तर किती गोळ्या घ्यायच्या, आणि अजून पहिलं मूल व्हायचं आहे तर पुढे त्रास होईल का?

त्यांना फोनवर तेव्हाच सांगून झालं. पण हा प्रश्न सुरगाण्याहून, हरसूलहून, इतकंच काय नाशिकच्या सिडकोतूनही येतो, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

हो, चालेल. माला-डीच्या पांढऱ्या चार गोळ्या आत्ता आणि बारा तासांनी पुन्हा पांढऱ्या चार. संबंध आल्यापासून ७२ तासांच्या आत, आणि त्यातही जितक्या लवकर तितकं बरं. ७२ तासांनंतरही पाचव्या दिवसापर्यंत, म्हणजे १२० तासांपर्यंत, थोडाफार उपयोग होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. वाचणाऱ्यांपैकी कुणावर आत्ता हीच वेळ आली असेल तर आधी गोळ्या घ्या, मग पुढचं वाचा. फक्त ज्यांना पूर्वी पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकार झाला आहे, ज्यांना डोळ्यांसमोर झिगझॅग रेषा येऊन अर्धशिशी उठते, ज्यांना आत्ता कावीळ आहे, किंवा ज्यांची टीबीची, फिटची किंवा एचआयव्हीची औषधं चालू आहेत, त्यांनी आधी खालचा त्यांच्याविषयीचा भाग वाचावा.

आता पाकीट हातात घेऊन बघा. माला-डीत २८ गोळ्या असतात, २१ पांढऱ्या आणि ७ तपकिरी. तपकिरी गोळ्या लोहाच्या. रोज गोळी घ्यायची सवय मोडू नये आणि अंगात रक्त भरावं म्हणून पाळीच्या आठवड्यासाठी ठेवलेल्या. त्यांत हार्मोन औषधालाही नाही. दिंडोरीकडे द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये कामाला असलेली एक मुलगी माझ्याकडे आली होती. शेजारणीने तिला आपलं संपत आलेलं पाकीट दिलं होतं आणि त्यात तपकिरीच उरल्या होत्या. तिने चार रात्री घेतल्या, उरलेल्या तीन सकाळी घेतल्या आणि 'एक कमी पडली, चालेल का' हे विचारायला आली. गोळ्या गेल्या होत्या वाया, पण येण्याला उशीर झाला नव्हता, त्यामुळे त्याच दिवशी कॉपर-टी, म्हणजे गर्भपिशवीत बसवायचं तांब्याचं साधन, बसवता आली.

पांढऱ्या प्रत्येक गोळीत दोन हार्मोन असतात: लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलीग्रॅम आणि इथिनिल एस्ट्राडायोल, म्हणजे इस्ट्रोजेन, ०.०३ मिलीग्रॅम. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते. मोबाईलने फोटो काढून मोठं करून वाचा. हेच दोन आकडे दिसले तर नाव कुठलंही असो, हिशोब चार आणि चारचाच. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एन हीच. ओव्हरल-एल हीच. ओव्हरल-जी मात्र जास्त ताकदीची असते, तिच्या दोन आणि दोन पुरतात. एका वेळच्या डोसात इथिनिल एस्ट्राडायोल निदान ०.१ मिलीग्रॅम आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल निदान ०.५ मिलीग्रॅम पोटात जायला हवं. बाकी सगळं याच गणितातून येतं.

हा काही गावठी जुगाड नाही. कॅनडातले डॉक्टर अल्बर्ट युझ्पे यांनी १९७४ साली ही पद्धत मांडली आणि त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते. खास या कामाच्या गोळ्या बाजारात येईपर्यंत जगभरचे डॉक्टर हेच देत होते. आपल्याकडे नुसत्या लेव्होनॉरजेस्ट्रेलची आपत्कालीन गोळी (आय-पिल त्यातलीच) चिठ्ठीशिवाय मिळू लागली ती २००५ पासून. जाहिराती सुरू झाल्या त्याच्याही नंतर. माझ्या वयाच्या डॉक्टरांना माला-डीचा हा हिशोब तोंडपाठ असतो. नवीन पिढीला कधी लागत नाही, म्हणून मेडिकलवर विचारलं तर बहुतेक वेळा 'असं काही नसतं' हे उत्तर मिळतं.

पण गर्भनिरोधकाची दिसेल ती गोळी घेऊन हा प्रयोग करू नका. डेसोजेस्ट्रेल, ड्रॉस्पिरेनॉन किंवा सायप्रोटेरॉन असलेल्या पाकिटांना वरचं गणित लागू होत नाही. पिंपल्स किंवा पीसीओडीसाठी दिलेल्या गोळ्या बऱ्याचदा याच असतात, आणि कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या मुलींच्या पर्समध्ये माला-डीपेक्षा त्याच जास्त सापडतील. छाया किंवा सहेली ही वेगळीच, हार्मोन नसलेली गोळी आहे. ती आठवड्याच्या हिशोबाने नियमित घ्यायची, यासाठी नाही. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शनही झालेल्या संबंधावर उपाय म्हणून घ्यायचं नसतं.

मळमळीचं आधीच सांगून ठेवते, कारण यात बायका घाबरतात आणि दुसरा डोस सोडून देतात. चार गोळ्यांमधल्या इस्ट्रोजेनने पोट ढवळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ च्या मोठ्या अभ्यासात या पद्धतीने निम्म्या बायकांना मळमळलं आणि शंभरात एकोणीस जणींना उलटी झाली. नुसत्या लेव्होनॉरजेस्ट्रेलने उलटी शंभरात सहा जणींनाही झाली नाही. म्हणून शक्य असेल तर तासभर आधी मळमळीवरची गोळी घ्या. मेक्लिझिन चांगली, नसेल तर तुम्हाला एरवी चालते ती. रिकाम्या पोटी घेऊ नका, थोडी भाकरी किंवा मऊ भात खाऊन घ्या. गोळ्या घेतल्यापासून दोन तासांच्या आत उलटी झाली तर तो डोस पुन्हा घ्यायचा. पाकिटात २१ पांढऱ्या असतात, त्यामुळे पुरवठ्याची चिंता नाही. दोन तासांनंतरच्या उलटीला महत्त्व नाही, औषध तोवर रक्तात उतरलेलं असतं.

वेळेचा घोळ आणखी एक होतो. दुपारी तीनला पहिला डोस घेतला तर दुसरा पहाटे तीनला येतो. ते टाळायला लोक पहिलाच डोस रात्री नऊपर्यंत पुढे ढकलतात. तसं करू नका. पहिल्या डोसला एक तासही थांबायचं नाही, दुसऱ्यासाठी मोबाईलवर गजर लावायचा. चारच्या ऐवजी आठ एकदम घेऊन 'मोकळं होणं' हाही शहाणपणा नव्हे. उलटी होईल आणि सगळंच बाहेर येईल.

आता खरी गोष्ट. पेठच्या बाईंना मी माला-डी घ्यायला सांगितली, पण ती शेवटची पायरी म्हणून नव्हे. आकडे असे आहेत. पाळीच्या मधल्या काळात एकदा असुरक्षित संबंध आला तर शंभर बायकांपैकी साधारण आठ जणींना दिवस जातात. माला-डीच्या पद्धतीने ते दोन-तीनवर येतात, लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळीने एक-दीडवर. त्याच १९९८ च्या अभ्यासात लेव्होनॉरजेस्ट्रेलने राहू शकणाऱ्या गर्भधारणांपैकी ८५ टक्के टळल्या, युझ्पे पद्धतीने ५७ टक्के. वेळेचा फरक तर डोळ्यात भरतो. पहिल्या २४ तासांत युझ्पेने ७७ टक्के टळल्या, दुसऱ्या दिवशी ३६ टक्के, तिसऱ्या दिवशी ३१ टक्के. म्हणजे उद्या मिळेल-न मिळेल अशा 'चांगल्या' गोळीची वाट बघण्यापेक्षा आज हातात असलेली माला-डी बरी. एक दिवस वाट बघितली तर चांगल्या गोळीचा फायदाही कमी होतो.

आणि या दोन्हींपेक्षा सरस असलेली कॉपर-टी. ती संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर हजारात एखादीच बाई गरोदर राहते. पाचव्या दिवशीही ती पहिल्या दिवसाइतकीच चांगली काम करते. गोळ्या बीजकोशातून बीज बाहेर पडणं लांबवतात, त्यामुळे बीज आधीच बाहेर पडलेलं असेल तर त्यांच्या हातात फारसं काही उरत नाही. तांब्याचं तसं नाही. तांब्याचे कण शुक्राणूंना आणि बीजाला निकामी करतात, फलनच होऊ देत नाहीत. वजन जास्त असो, इतर औषधं चालू असोत, तांब्याला फरक पडत नाही. पाकिटावर ३८० ए असेल तर दहा वर्षं आणि ३७५ असेल तर पाच वर्षं पुढची काळजी मिटते. मूल हवंसं वाटलं की काढायची, लगेच दिवस राहू शकतात.

तरीही हा पर्याय कुणी सांगत नाही. मेडिकलवाला सांगणार नाही, तो त्याच्या दुकानात मिळत नाही. बरेच डॉक्टरही सांगत नाहीत, कारण 'आधी एक मूल होऊ द्या, मग कॉपर-टी' हे आपल्याकडे डोक्यात पक्कं बसलं आहे. मूल न झालेल्या बाईलाही कॉपर-टी बसवता येते. थोडी जास्त कळ येते, क्वचित बाहेर सरकते, एवढंच. आतल्या बाजूला जंतुसंसर्ग असेल, दुर्गंधी असलेलं पांढरं जात असेल, ओटीपोट दुखून ताप असेल तर नाही बसवायची. अंगात रक्त फार कमी असेल तर तेही सांगा. कॉपर-टीने सुरुवातीच्या काही पाळ्यांना रक्तस्राव वाढतो, आणि पेठ-सुरगाणा पट्ट्यात हिमोग्लोबिन आठ-नऊवर असलेल्या बायका काही कमी नाहीत. सिकलसेल असेल तर कार्ड सोबत आणा. बसवायला दहा मिनिटं पुरतात, भूल लागत नाही, पाळीत दुखतं तसं दुखतं. त्या दिवशी सायंकाळी काम करता येतं.

म्हणून पेठच्या बाईंना सांगितलं ते असं: रविवारी माला-डीचे दोन्ही डोस घ्या, आणि सोमवारी नाशिकला आल्यावर कॉपर-टीचा विचार करा. शनिवार रात्रीपासून मोजलं तर गुरुवार रात्रीपर्यंत पाच दिवस होतात, घाई नाही. गोळ्या घेतल्या म्हणून कॉपर-टी बसवता येत नाही, असं काही नसतं.

सरकारी दवाखान्यात कॉपर-टी मोफत आहे. नाशिकमध्ये त्र्यंबक रोडचं जिल्हा शासकीय रुग्णालय सीबीएस बसस्थानकापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. नाशिकरोडकडच्यांना महापालिकेचं बिटको, जुन्या नाशकातल्यांना डॉ. झाकीर हुसेन. केसपेपर काढताना 'कुटुंब नियोजनासाठी, कॉपर-टी' एवढंच सांगा, शनिवारची कहाणी खिडकीवर सांगायची गरज नाही. आत डॉक्टरांना मात्र संबंधाचा दिवस, वेळ आणि शेवटच्या पाळीची तारीख स्पष्ट सांगा, कारण त्यावरच त्या ठरवतात. नवऱ्याची सही लागते असं कुणी म्हणालं तर ती लागत नाही. कॉपर-टीलाही नाही आणि गोळीलाही नाही.

पण नाशिकपर्यंत येण्याआधी गावातच एक दार असतं ते म्हणजे आशाताई. सरकारची आपत्कालीन गोळी आशाताईंच्या पिशवीत असायला हवी. घरपोच गर्भनिरोधकांची योजना २०११ पासून आहे. तिच्यात कंडोमच्या पाकिटाला आणि माला-एनला एक रुपया आणि या गोळीला दोन रुपये ठरले होते. गोळी लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलीग्रॅमचीच, मेडिकलमध्ये शंभरच्या आसपास रुपये मोजून घेतो तीच. बायका आशाताईंकडे जात नाहीत, कारण ती गावातलीच, बहुधा नात्यातली, आणि चार घरी बोलली तर? ही भीती खोटी नाही. मग उपकेंद्राच्या एएनएम सिस्टरला विचारा, किंवा शेजारच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. पेठ, सुरगाणा, हरसूल इथे ग्रामीण रुग्णालयं आहेत, रविवारीही तिथे कुणीतरी ड्यूटीवर असतं. ड्यूटीवरच्या सिस्टरला नुसतं 'इमर्जन्सी गोळी' म्हणालात तर ती डॉक्टरांची वाट बघायला सांगेल. 'ईझी पिल आहे का, नसेल तर माला-एनचं एक पाकीट द्या' असं विचारलं की काम पटकन होतं. माला-एन संपलेली सहसा नसते.

काही जुन्या पाकिटांत ०.७५ मिलीग्रॅमच्या दोन गोळ्या असतात आणि बारा तासांचं अंतर छापलेलं असतं. त्या दोन्ही एकदम घेतल्या तरी चालतं, तेच सोपं.

शहरात अडचण वेगळी. इथे गोळी असते, पण मागायची सोय नसते. दुकानात चार माणसं उभी, काउंटरवर वडिलांच्या ओळखीचा माणूस. मोबाईलवर नाव लिहून स्क्रीन पुढे धरा, बोलायची गरज नाही. पुरुषाला पाठवलं तरी चालतं, चिठ्ठी लागत नाही. रात्री जिल्हा रुग्णालयासमोरची आणि मोठ्या खासगी हॉस्पिटलांच्या आवारातली मेडिकल बघा. ॲपवर मागवणार असाल तर आजच घरी येणार का हे बघून मागवा. परवा येणाऱ्या पाकिटाचा उपयोग नाही.

मेडिकलवाले नाही का म्हणतात, याचंही कारण आहे. गर्भपाताच्या किटवर अन्न व औषध प्रशासनाची नजर असते. ते किट चिठ्ठीशिवाय विकलं, नोंद ठेवली नाही, तर परवान्यावर येतं. त्या धाकात काहींनी 'बायकांच्या त्या गोळ्या' म्हणून दोन्ही एकाच फळीत टाकल्या आणि दोन्ही ठेवणं बंद केलं. त्यांना शांतपणे सांगा की ही गर्भपाताची नाही, लेव्होनॉरजेस्ट्रेल आहे. कधीकधी मागच्या खोक्यातून निघते.

उलटा प्रकार जास्त धोक्याचा. एकाच नावाच्या कुटुंबातली तीन पाकिटं बाजारात आहेत: अनवाँटेड-७२, अनवाँटेड-२१ आणि अनवाँटेड-किट. पहिली आपत्कालीन गोळी, दुसरी रोजची, तिसरी गर्भपाताची. घाईत 'अनवाँटेड द्या' म्हटलं की काउंटरवरचा पोरगा काय देईल याचा भरवसा नाही. किटमध्ये मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल असतं. ते दिवस गेल्याची खात्री झाल्यावर, नऊ आठवड्यांच्या आत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं. संबंधाच्या दुसऱ्या दिवशी ते घेऊन विनाकारण रक्तस्राव ओढवून घेतलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. पाकिटावर मिफेप्रिस्टोन हे नाव दिसलं तर परत करा.

पाळी पुढे ढकलायला किंवा 'आणायला' घेतात त्या नॉरेथिस्टेरॉनच्या गोळ्याही इथे कामाच्या नाहीत. सत्यनारायणाच्या वेळी आणलेली पट्टी घरात असते, तीच घेऊन समाधान करून घेतात. पपई, तीळगूळ, ओव्याचा काढा, जोरात उड्या मारणं, लिंबू-पाण्याने किंवा डेटॉलने आतून धुणं, यातल्या कशानेही गर्भधारणा टळत नाही, आणि डेटॉलने आतली नाजूक त्वचा भाजते. यावर याहून जास्त लिहीत नाही.

आता ज्यांना थांबून वाचायला सांगितलं होतं त्या. रक्ताच्या गुठळीचा, पक्षाघाताचा, हृदयविकाराचा इतिहास, डोळ्यांसमोर झिगझॅग रेषा येऊन उठणारी अर्धशिशी, चालू असलेली कावीळ. अशा बाईला एका दिवसाच्या डोसने हमखास काही होईल असं नाही, जागतिक आरोग्य संघटनाही यांना सरसकट बंदी घालत नाही. पण मी अशा बाईला इस्ट्रोजेन देत नाही. तिने नुसत्या लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी शोधावी किंवा थेट कॉपर-टी घ्यावी. गोळ्या घेतल्यावर छातीत कळ, एका पायाला सूज, अचानक असह्य डोकेदुखी किंवा बोलण्यात अडखळणं असं काही झालं तर १०८ ला फोन.

टीबीची रिफाम्पिसिन, फिटची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन आणि एचआयव्हीची इफाविरेन्झ ही औषधं लिव्हरकडून हार्मोनचा लवकर निचरा करवतात, गोळी निम्म्याने बोथट होते. अशांना कॉपर-टीच. ती मिळणारच नसेल तर डॉक्टरांना विचारून लेव्होनॉरजेस्ट्रेलचा दुप्पट डोस, म्हणजे ३ मिलीग्रॅम. वजन सत्तर किलोच्या पुढे असेल तरी गोळीचा असर कमी होतो, तिथेही हेच. मात्र माला-डीच्या गोळ्या आपल्या मनाने दुप्पट करू नका. अंगावर पाजणाऱ्या आईने लेव्होनॉरजेस्ट्रेल घ्यायला हरकत नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या २१ दिवसांत तर गोळीची गरजच पडत नाही.

पुढे मूल होण्यात अडचण येईल का, हा बाईंचा शेवटचा प्रश्न. नाही. औषध काही दिवसांत अंगातून जातं. गर्भपिशवी 'सुकत' नाही. नकळत दिवस गेलेले असतील आणि गोळी घेतली, तरी त्या गर्भाला अपाय होत नाही आणि गर्भपातही होत नाही. पण हीच गोळी महिन्यातून तीन-चारदा घेण्याचा प्रकार थांबवा. त्याने वंध्यत्व येत नाही, पाळीचं वेळापत्रक विस्कटतं, आणि रोजच्या माला-एनपेक्षा संरक्षण कितीतरी कमी मिळतं.

गोळी घेतली म्हणजे महिना सुरक्षित झाला, हा गैरसमज मला सगळ्यात जास्त भेटतो. गोळीने बीज बाहेर येणं लांबतं, म्हणजे ते पुढच्या आठवड्यात येऊ शकतं. तेव्हा संबंध आला तर दिवस जाऊ शकतात. तोवर कंडोम वापरा. रोजची गोळी सुरू करायची असेल तर दुसऱ्या दिवसापासून नवं पाकीट उघडा आणि पहिले सात दिवस कंडोम सोबत ठेवा. जाऊबाईंच्या पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या तशाच चालू करू नका, आणि त्यांना नवं पाकीट आणून द्या. त्यांच्या आठ गोळ्या तुम्ही खाल्ल्या आहेत, त्यांचा क्रम मोडला तर पुढचा प्रश्न त्यांचा असेल.

बळजबरी झाली असेल तर हे सगळं घरी सोडवत बसू नका. कुठलंही रुग्णालय, सरकारी असो की खासगी, अशा बाईवर मोफत उपचार करायला कायद्याने बांधील आहे. आधी पोलिसांत जा असं सांगून परत पाठवता येत नाही. तिथे गर्भनिरोधक गोळीबरोबर एचआयव्ही रोखणारी औषधंही मिळतात, आणि तीही ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात. मदतीसाठी १८१ आणि ११२. अठराच्या आतली मुलगी असेल तर १०९८. अठराच्या आतल्या मुलीची माहिती डॉक्टरला पोलिसांना कळवावी लागते, पण त्या भीतीने तिला उपचाराविना ठेवू नका.

पाळी चार-सहा दिवस इकडे-तिकडे होईल, मध्ये थोडा डाग दिसेल. तो डाग म्हणजे पाळी नव्हे. संबंधापासून तीन आठवडे झाले आणि नीट पाळी आली नाही, तर सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करा. 'निश्चय' किट आशाताईंकडे मोफत असतं. एका बाजूला ओटीपोटात जोरात दुखत असेल आणि चक्कर येत असेल तर किटचा निकाल काहीही असो, लगेच दवाखाना, कारण गर्भ नळीत राहिलेला असू शकतो.

तपासणी पॉझिटिव्ह आली आणि मूल नको असेल तर कायद्याची वाट मोकळी आहे. १९७१ च्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात होतो, आणि गर्भनिरोधक फसणं हे कारण लग्न झालेल्या-न झालेल्या दोघींनाही चालतं. अठरा पूर्ण असतील तर तुमची एकटीची सही पुरते. नोंद गोपनीय राहते. पेठच्या बाईंना यासाठी मेडिकलचं किट आणायला नवऱ्याला पाठवू नका असं मुद्दाम सांगितलं. नऊ आठवड्यांच्या आत आलात तर गोळ्यांनीच होतं, पण आधी गर्भ पिशवीत आहे ना हे बघावं लागतं. ते जिल्हा रुग्णालयात बघतात आणि पैसे लागत नाहीत.